मते ओळखता येतात, मग जागा का चुकतात?

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या होत्या. महायुतीच्या वाट्याला १७ आल्या आणि सांगलीची एक जागा अपक्ष विशाल पाटील यांनी घेतली. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेची मतमोजणी झाली. भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी काँग्रेस ४१, असे मिळून महायुतीच्या तीन पक्षांनी २८८ पैकी २३० जागा मिळवल्या. शिवसेना (ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरद पवार) १० ही समोरच्या तीन पक्षांची बेरीज ४६ वर थांबली. मतदार तेच, पक्ष तेच, नेते तेच. मतदानोत्तर चाचण्यांपैकी बहुतेकांनी महायुतीला पुढे दाखवले होते खरे, पण प्रमुख चाचण्यांपैकी एकीचाही आकडा २३० पर्यंत पोहोचला नव्हता.

असे झाले की दोन ठरलेली स्पष्टीकरणे पुढे येतात. मतदार लहरी आहे, त्याचा ठाव लागत नाही, हे पहिले. चाचण्या करणारे विकले गेलेले असतात, हे दुसरे. दोन्हींत तथ्याचा अंश असला तरी कोडे त्यांनी सुटत नाही. ते सुटते अंदाज बांधण्याच्या रीतीकडे नीट पाहिले की. कुठल्याही राज्यात कोण निवडून येईल हे सांगताना तीन वेगळी कामे करावी लागतात. कोणाला किती मते मिळतील ते ओळखायचे, त्या मतांच्या जागा किती होतील ते काढायचे आणि या दोन्हींत आपण किती चुकू शकतो ते सांगायचे. पहिले काम बऱ्यापैकी जमते, दुसरे फार अवघड आहे आणि तिसरे बहुतेक वेळा केलेच जात नाही. कोणत्याही उमेदवाराच्या भवितव्याचा प्रामाणिक अंदाज शक्यतेच्या भाषेतच मांडता येतो आणि तसा न मांडलेला अंदाज वाचकाची दिशाभूल करतो, एवढेच या लेखात दाखवायचे आहे.

शितावरून भाताची परीक्षा

पातेल्यातला भात शिजला की नाही हे पाहायला सगळा भात चाचपावा लागत नाही, चार शिते पुरतात. जनमत चाचणीमागचे गणित हेच आहे. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन त्यांतून एक हजार माणसे निवडली, तर एखाद्या आघाडीच्या मतांचा टक्का शंभरातून पंच्याण्णव वेळा खऱ्या आकड्याच्या तीन टक्के अलीकडे-पलीकडे सापडतो. चार हजार माणसांना विचारले तर ही चूक दीड टक्क्यावर येते. म्हणजे चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात. एकूण मतदार नऊ कोटी आहेत की नव्वद लाख, याने फारसा फरक पडत नाही. पातेले मोठे आहे म्हणून जास्त शिते चाचपावी लागत नाहीत, भात नीट ढवळलेला असला म्हणजे झाले.

खरी अडचण या ढवळण्याची आहे. दुपारी घरोघर जाणाऱ्या चाचणीवाल्याला शेतावर गेलेली बाई भेटत नाही, मोठ्या सोसायटीचे फाटक त्याच्यासाठी उघडत नाही आणि ऊसतोडीला बाहेर पडलेल्या बीडच्या कुटुंबाच्या दाराला कुलूप असते. काही घरांत प्रश्न बाईला विचारला तरी उत्तर पुरुषच देतो. काही जण भीतीने किंवा भिडेखातर समोरच्याला आवडेल ते सांगतात. यावर उपाय म्हणून मिळालेल्या उत्तरांना वजन दिले जाते. मतदार यादीत स्त्रिया निम्म्याच्या आसपास असतील आणि नमुन्यात तिसरा हिस्साच आल्या असतील, तर प्रत्येक स्त्रीचे उत्तर त्या प्रमाणात वाढवून मोजायचे. वय, शिक्षण, जात, गाव-शहर यांसाठीही असेच करतात. पण भेटलेल्या स्त्रिया न भेटलेल्या स्त्रियांसारखाच विचार करतात, हे यात गृहीत धरलेले असते. ते चुकीचे निघाले तर नमुना कितीही मोठा करा, चूक तशीच राहते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तीन टक्क्यांची चूक एका आघाडीच्या मतांपुरती असते. दोन आघाड्यांमधल्या अंतरात ती जवळजवळ दुप्पट होते, कारण एकीची मते आपण जास्त मोजली तर ती बहुधा दुसरीच्या खात्यातून आलेली असतात. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मते ४३ ते ४४ टक्क्यांच्या घरात होती आणि त्यांच्यातले अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. एवढ्या अंतरात पुढे कोण हे सांगणे कोणत्याही चाचणीच्या आवाक्याबाहेरचे होते. जागा मात्र ३० आणि १७ अशा पडल्या. मतदारांचे मन मोजण्यापेक्षा मतांच्या जागा करणे अवघड असते ते यामुळेच.

पातेले एक नाही, २८८ आहेत

राज्याची सगळी मते एका पातेल्यात शिजत असती तर काम सोपे होते. पण आपल्या पद्धतीत प्रत्येक मतदारसंघ हे वेगळे पातेले आहे. तिथे ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो, मग ती जास्तीची मते १६२ असोत की दीड लाख. म्हणून मते किती मिळाली याइतकेच ती कुठे मिळाली यालाही महत्त्व असते.

धुळे लोकसभा मतदारसंघात हे स्पष्ट दिसते. यात सहा विधानसभा क्षेत्रे येतात : धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य आणि मालेगाव मध्य. २०२४ च्या लोकसभेला इथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपचे सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. सहापैकी पाच क्षेत्रांत भामरे पुढे होते. सहाव्या, म्हणजे मालेगाव मध्यमध्ये, बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांचे मताधिक्य मिळाले आणि त्याने उरलेल्या पाच क्षेत्रांतली सगळी पिछाडी भरून काढली. लोकसभेला ही सहा क्षेत्रे एकत्र मोजली जातात, म्हणून जागा काँग्रेसला गेली.

नोव्हेंबरमध्ये हीच सहा क्षेत्रे सुटी झाली. पाच ठिकाणी महायुती जिंकली : चार भाजपने आणि मालेगाव बाह्यची जागा शिवसेनेने. मालेगाव मध्यमध्ये लढत भलत्याच दोघांत झाली आणि एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल अवघ्या १६२ मतांनी निवडून आले. जूनमध्ये ज्या आघाडीने ही लोकसभा जिंकली, तिला नोव्हेंबरमध्ये या सहापैकी एकही जागा मिळाली नाही. त्यातल्या पाच जागांसाठी एकाही मतदाराचे मन बदलावे लागले नसते. जूनच्याच मतदानाने त्या महायुतीकडे गेल्या असत्या. लोकसभेचा कौल डोळ्यांपुढे ठेवून विधानसभेचे आकडे मांडणाऱ्याने ही विभागणी पाहिली नसेल, तर त्याचे गणित पहिल्या पायरीवरच घसरले.

थोड्या मतांनी जागा का उलटतात

मतांतले लहान अंतर जागांत मोठे होते, हा या पद्धतीचा स्वभाव आहे. दोन राष्ट्रवादींचे आकडे शेजारी ठेवले की तो दिसतो. विधानसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीला राज्यात ११.२८ टक्के मते आणि १० जागा मिळाल्या. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला मते कमी, ९.०१ टक्के, पण जागा ४१. हा प्रकार पहिल्या नजरेला अन्यायाचा वाटतो. पण पहिल्या पक्षाने ८६ जागा लढवल्या होत्या आणि दुसऱ्याने ५९. लढवलेल्या जागांपुरता हिशेब केला तर पहिल्याला सरासरी ३८ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि दुसऱ्याला ४४ टक्क्यांच्या आसपास. फरक सहा टक्क्यांचा आहे. तेवढ्या फरकाने एक पक्ष दहात सात जागा जिंकला आणि दुसरा आठ-नऊ जागांमागे एक. जवळपास सगळीकडे सरळ लढत असली की ३८ टक्के मते मिळवणारा बहुतेक ठिकाणी दुसरा येतो आणि दुसऱ्या क्रमांकाला जागा नसते.

मोठ्या पक्षाच्या बाबतीत हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले तेव्हा भाजपला २७.८ टक्के मते आणि १२२ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये मते जवळपास तेवढीच, किंबहुना एका टक्क्याने कमी, पण जागा १३२. पहिल्या वेळी पक्षाने २६० जागा लढवल्या होत्या, दुसऱ्या वेळी १४९. मित्रपक्षांनी जागा वाटून घेतल्या, त्यामुळे पक्षाची मते जिथे उपयोगी पडतात तिथेच मोजली गेली आणि इतर ठिकाणी ती मित्रांच्या कामी आली. प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांनी भारतीय निवडणुकांचा अभ्यास करताना विरोधकांच्या एकीचा निर्देशांक मांडला होता. विरोधी मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे किती मते एकवटली आहेत, ते तो मोजतो. सत्ताधाऱ्यांच्या मतांत काहीही बदल न होता केवळ ही एकी वाढली किंवा फुटली तरी जागा पालटतात. म्हणून जागावाटपाची बातमी कधी कधी मतांच्या चाचणीपेक्षा जास्त काही सांगून जाते.

केंडॉल आणि स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये एका जुन्या नियमाची तपासणी केली होती. दोन पक्षांच्या लढतीत जागांचे गुणोत्तर हे मतांच्या गुणोत्तराच्या घनाइतके असते, असा तो नियम. विधानसभेला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के आणि महाविकास आघाडीच्या तिघांना सुमारे ३४ टक्के मते होती. या नियमाने त्यांच्या २७६ जागांची वाटणी साधारण २०५ आणि ७० अशी यायला हवी. प्रत्यक्षात ती २३० आणि ४६ झाली. नियम ढोबळ आहे, पण चौदा टक्क्यांची आघाडी खरी असेल तर दोनशेचा आकडा आश्चर्याचा नव्हता हे तो दाखवतो. आश्चर्य वाटले ते चौदा टक्क्यांचे अंतर बहुतेकांच्या हिशेबात नव्हते म्हणून.

एका उमेदवाराची शक्यता कशी काढतात

दोनशे अठ्ठ्याऐंशी पातेल्यांत प्रत्येकी हजार माणसांना विचारायचे तर पावणेतीन लाखांवर मुलाखती घ्याव्या लागतील. तेवढा पैसा आणि वेळ कोणाकडे नसतो. म्हणून बहुतेक अभ्यासक आडवाटेने जातात. मागच्या निवडणुकीतला प्रत्येक मतदारसंघाचा निकाल आधाराला घ्यायचा, विदर्भ, मराठवाडा, कोकण अशा प्रत्येक विभागात मते किती टक्क्यांनी कुठे सरकली ते चाचणीवरून काढायचे आणि तेवढा बदल तिथल्या प्रत्येक जागेच्या जुन्या निकालात घालायचा. मग उमेदवाराचे वजन, बंडखोरी, जातींची गणिते पाहून आकडा थोडा वर-खाली करायचा. यातून प्रत्येक जागेवर एक अंदाजित आघाडी मिळते.

महाराष्ट्रात ही रीत विशेष अडचणीत आली. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली आणि राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये. २०१९ ला शिवसेनेला ५६ आणि राष्ट्रवादीला ५४ जागा मिळाल्या होत्या, पण त्या मतांतली किती कोणत्या गटामागे गेली हे जुन्या निकालातून सांगायला काहीच मार्ग नव्हता. ताजा आधार एकच होता, तो लोकसभेचा, आणि त्या निवडणुकीतले प्रश्न वेगळे होते. आधारच डळमळीत असेल तर त्यावर उभा केलेला प्रत्येक आकडा तितकाच डळमळीत असतो, मग तो कितीही आत्मविश्वासाने सांगितला जावो.

आता या आघाडीची शक्यता कशी करायची ते पाहू. समजा, एखाद्या मतदारसंघात एक उमेदवार ४ टक्क्यांनी पुढे दिसतो आहे आणि अशा अंदाजांत आघाडी नेहमी ६ टक्क्यांनी इकडे-तिकडे होते, असा मागचा अनुभव आहे. मग त्याच्या विजयाची शक्यता साधारण चारात तीन येते. आघाडी १२ टक्क्यांची असेल तर ती शंभरात सत्त्याण्णवच्या पुढे जाते. एका टक्क्याची असेल तर शंभरात सत्तावन्नच्या आसपास राहते, म्हणजे निम्मे-निम्मेच. आघाडी एकटी काही सांगत नाही, आपल्या नेहमीच्या चुकीच्या ती किती पट आहे हे पाहावे लागते. या मापाने पाहिले तर ४ टक्क्यांनी पुढे असलेला उमेदवार हरला म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. अशा चार जणांतला एक हरणारच होता, कोणता ते आधी सांगता येत नव्हते एवढेच.

काही जागांवर तर कोणतेही शास्त्र हात टेकते. लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला. विधानसभेला साकोलीत काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले २०८ मतांनी तरले आणि बेलापूरची जागा भाजपच्या मंदा म्हात्रे यांनी ३७७ मतांनी राखली. उलट शिरपूरमध्ये भाजपच्या काशीराम पावरा यांचे मताधिक्य १ लाख ४५ हजारांच्या पुढे होते. चारही ठिकाणी ‘विजयी’ हा एकच शब्द लागतो. अंदाजाच्या भाषेत मात्र शिरपूर जवळजवळ निश्चित होते आणि बाकी तिन्ही ठिकाणी कोणाचा गुलाल उधळला जाईल ते सांगणे अशक्य होते. जो अंदाज या दोन प्रकारच्या जागांना सारख्याच खात्रीने एखाद्या पक्षाच्या खात्यात टाकतो, तो वाचकाला सर्वांत उपयोगी माहिती देतच नाही.

चुका एकाच दिशेने जातात

एका पक्षाला १०० जागांवर प्रत्येकी ७० टक्के शक्यता आहे असे समजा. तो किती जागा जिंकेल? सत्तरच्या आसपास, हे उत्तर बरोबर आहे. पण ‘आसपास’ म्हणजे किती? प्रत्येक जागेवरची चूक स्वतंत्र असेल, म्हणजे इथे आपण पक्षाला जास्त मोजले तर तिथे कमी, तर चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि निकाल साधारण ६१ ते ७९ च्या मध्ये पडतो. प्रत्यक्षात चुका स्वतंत्र नसतात. चाचणीवाल्याला स्त्री मतदार कमी भेटल्या असतील तर त्या चंद्रपूरलाही कमी भेटल्या असतील आणि सोलापूरलाही. शेवटच्या आठवड्यात एखाद्या प्रश्नावर हवा फिरली तर ती अनेक जिल्ह्यांत एकदम फिरते. मग सगळ्या चुरशीच्या जागा एकाच बाजूला झुकतात आणि सत्तरचा आकडा पन्नासच्या खाली किंवा नव्वदच्या वर जाऊ शकतो. एक समान चूक शंभर ठिकाणी पुन्हा पुन्हा घडते, म्हणून जागांच्या अंदाजाचा पल्ला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ रुंद ठेवावा लागतो.

मागच्या निकालांतून हेच दिसते. २०१९ च्या विधानसभेला बहुतेक एक्झिट पोलनी भाजप-शिवसेना युतीला दोनशेच्या पुढे नेले होते, प्रत्यक्षात दोघांच्या मिळून १६१ जागा आल्या. २०२४ च्या लोकसभेला बहुतेकांनी महायुतीला मिळाल्या त्यापेक्षा जास्त जागा दिल्या आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला कमी दिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणात चाचण्या काँग्रेसला सत्तेवर बसवत होत्या, भाजपने ९० पैकी ४८ जागा जिंकल्या आणि काँग्रेस ३७ वर राहिली. तिथे दोन्ही पक्षांच्या मतांतले अंतर एका टक्क्याच्या आत होते. चाचण्या कोणा एका पक्षाच्या दावणीला बांधलेल्या असत्या तर चूक दर वेळी त्याच पक्षाच्या बाजूने झाली असती. ती कधी या बाजूला, कधी त्या बाजूला होते, पण एका निवडणुकीपुरती सगळीकडे एकाच बाजूला होते.

चाचणीच्या जाळ्यात न सापडणारे

काही गोष्टी प्रश्न विचारून कळतच नाहीत. मतदानाला कोण बाहेर पडेल ही त्यांतली पहिली. २०१९ ला विधानसभेचे मतदान ६१ टक्क्यांच्या आसपास होते, २०२४ ला ते ६६ टक्क्यांवर गेले. स्त्रियांचे मतदान ५९ वरून ६५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत जाऊ लागले होते. या योजनेमुळे नेमकी किती मते फिरली हे वेगळे काढणे कठीण आहे. पण जुन्या मतदानाच्या प्रमाणात नमुन्याला वजन देणाऱ्यांनी वाढलेल्या स्त्री मतदारांना कमी लेखले असणार, हा तर्क रास्त आहे.

दुसरी गोष्ट मतदान यंत्रासमोर घडते. लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी शशिकांत शिंदे यांचा ३२ हजारांहून थोड्या जास्त मतांनी पराभव केला. शिंदे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाचे चिन्ह पाश्चात्त्य धाटणीचा ट्रम्पेट होते आणि चिन्हांच्या मराठी यादीत त्यालाही तुतारी म्हटले होते. त्या फारशा परिचित नसलेल्या अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मते पडली. ही सगळी मते गफलतीने गेली असे सिद्ध करता येणार नाही. पण ‘मी तुतारीला मत देणार’ असे सांगणाऱ्या मतदाराचे उत्तर चाचणीने बिनचूक नोंदवले असते तरी मतपेटीत काय पडले ते तिला कळले नसते. सांगलीतही असेच. तिथे आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि बंडखोरी केलेले विशाल पाटील सुमारे एक लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. राज्यभरचा कल जागेच्या जुन्या निकालात मिळवून हा निकाल कधीच निघाला नसता.

तीन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की शक्यतेची भाषा ही पळवाट आहे. सत्तर टक्के म्हणायचे, जिंकला तरी आपण बरोबर, हरला तरी बरोबर. एका अंदाजापुरता हा आक्षेप खरा आहे. पण अभ्यासक एकच अंदाज करत नाही, २८८ करतो. ज्या ज्या उमेदवारांना त्याने ७० टक्के शक्यता दिली, त्यांची निकालानंतर वेगळी यादी करायची आणि त्यांतले शंभरात सत्तर जिंकले का ते पाहायचे, अशा बऱ्याच निवडणुका धरून. नव्वद जिंकले तर तो विनाकारण घाबरत होता, पन्नास जिंकले तर त्याची खात्री पोकळ होती. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये पावसाच्या अंदाजांसाठी गुण देण्याची अशीच पद्धत सुचवली आणि आज ती सर्व प्रकारच्या भाकितांना लावली जाते. उलट ‘अमुक पक्षाला १६०’ असा नुसता आकडा चुकला की त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. तपासून घेण्याची तयारी शक्यतेच्या भाषेतच जास्त आहे.

दुसरा आक्षेप असा की गावातला मुरलेला कार्यकर्ता किंवा राजस्थानातल्या फलोदीचा सट्टाबाजार यांना चाचणीपेक्षा जास्त कळते. कार्यकर्त्याला त्याच्या पातेल्यातले खरोखर जास्त कळते. कोणता भाऊबंद कोणावर रुसला, कोणती वाडी कोणाच्या मागे आहे, हे चाचणीला कधी दिसणार नाही. पण त्याचा वावर आपल्यासारखाच विचार करणाऱ्यांत असतो आणि शेजारच्या तालुक्याचे तो ऐकीव सांगतो. त्याचे ज्ञान एका जागेची आघाडी दुरुस्त करायला वापरावे, राज्याचा कल ठरवायला नाही. सट्टाबाजाराचा भाव म्हणजेही शक्यताच असते, भाव जितका कमी तितकी खात्री जास्त. पण हा धंदा आपल्याकडे बेकायदा असल्याने भाव कोणी, कधी, किती पैशांवर काढला याची उघड नोंद राहत नाही. ज्याचा हिशेब मागता येत नाही, त्याच्या अचूकतेच्या कथा कितीही रंगल्या तरी त्या पुरावा ठरत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अंदाज आणि निकाल यांत एवढे अंतर असेल तर निकालच संशयास्पद मानावा, असे अनेकांना मनापासून वाटते. मतदार याद्या, मतदानाची आकडेवारी, यंत्रे यांबद्दल प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्याला सविस्तर उत्तर देणे ही निवडणूक आयोगाची जबाबदारी आहे. मात्र त्या प्रश्नांना त्यांचा स्वतःचा पुरावा लागतो, आणि तो यादीत, नोंदवहीत, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांत शोधावा लागतो. केवळ अंदाज चुकला हा तसा पुरावा होऊ शकत नाही, कारण अंदाज एवढ्या अंतराने चुकण्याची साधी आणि नेहमीची कारणे आपण वर पाहिली. जो अंदाज लोकसभेला एका बाजूने चुकतो आणि विधानसभेला दुसऱ्या, त्याला निकाल तपासण्याची मोजपट्टी करता येणार नाही.

संशयही छापला पाहिजे

हे सगळे सांगण्यामागे चाचण्या बंद कराव्यात असे सुचवायचे नाही. मतदार काय विचार करतो हे पक्षांच्या दाव्यांपलीकडे जाऊन जाणून घेण्याचे दुसरे चांगले साधन नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ अ या कलमाने मतदान पूर्ण होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करायला बंदी आहे ती योग्यच आहे. पण त्याआधीच्या कित्येक आठवड्यांत चाचण्यांचे आकडे उमेदवारी ठरवतात, देणग्यांचा ओघ वळवतात, कार्यकर्त्यांचे बळ वाढवतात किंवा खचवतात आणि ‘आपले मत वाया जाईल’ या भीतीने मतदारालाही ढकलतात. ज्या आकड्याचा एवढा परिणाम होतो, तो त्याच्या चुकीच्या मर्यादेसकट सांगणे हे चाचणी करणाऱ्याचे आणि दाखवणाऱ्याचे कर्तव्य आहे. नमुना किती, कसा निवडला, उत्तर न देणारे किती, मतांचा टक्का किती आणि त्यावरून जागा कोणत्या रीतीने काढल्या, हे न सांगणाऱ्या वाहिनीचा आकडा बाजूला ठेवायला वाचकांनी शिकले पाहिजे. मागणी तशी झाली तर पुरवठाही बदलेल.

चौकट : पुढच्या निवडणुकीचा अंदाज वाचताना

- आधी मतांचा टक्का पाहा, मग जागा. मतांचा टक्का दिलाच नसेल तर जागांचा आकडा कशावर उभा आहे ते कळायला मार्ग नाही.
- दोन आघाड्यांमधल्या अंतराची चूक एका आघाडीच्या चुकीच्या जवळजवळ दुप्पट धरा. अंतर त्याहून कमी असेल तर लढत बरोबरीची समजा.
- कोण किती जागा लढवत आहे आणि विरोधी मते एकवटली आहेत की फुटली आहेत ते पाहा. तेवढ्याच मतांत जागा पालटू शकतात.
- लोकसभेचा कौल विधानसभेला जसाच्या तसा लावू नका. मते कोणत्या क्षेत्रात साचली आहेत ते तपासा.
- चुरशीच्या जागा किती, हे विचारा. त्या सगळ्या एकाच बाजूला गेल्या तर काय होईल, तो अंदाजाचा खरा पल्ला.
- सत्तर टक्के शक्यता म्हणजे दहात तीन वेळा उलटे घडणार, हे निकालाच्या आधीच मनाशी धरून ठेवा.
- एकाच संस्थेचे मागचे तीन-चार अंदाज निकालाशी ताडून पाहा. एका वेळच्या यशाने किंवा अपयशाने मत बनवू नका.